६ क्रमांकाचा फ्लाय रॉड : पेज आणि उल्हास नद्यांवरचे अकरा महिने

९ फूट लांबीचा, ६ क्रमांकाचा, चार तुकड्यांत सुटा होणारा हा फ्लाय रॉड, म्हणजे माशीसारख्या बांधलेल्या कृत्रिम आमिषाने मासे पकडण्याची काठी, मी गेल्या ऑक्टोबरात रीळ आणि तरंगत्या लाइनसह (जाडसर दोरीसह) घेतला. त्याला आता अकरा महिने झाले आहेत. त्यांपैकी ऑक्टोबर ते मे असे आठ महिने तो प्रत्यक्ष नदीवर होता आणि उरलेला पावसाळा कपाटात. दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडायची आणि दुपारच्या उन्हाआधी परतीची गाडी गाठायची, हा माझा बहुतेक रविवारांचा क्रम होता. रॉड ज्या नळीत ठेवतात ती पाऊण मीटरभर लांबीची असल्याने लोकलच्या सामानाच्या फळीवर सहज मावते. मुंबईकराच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

साध्या गळात शिशाचे वजन आमिषाला दूर नेते. येथे पिसांची आणि लोकरीची बांधलेली माशी जवळजवळ वजनरहित असते. वजन असते ते लाइनला, आणि तेच मागे-पुढे झुलताना काठी वाकवते व माशीला पाण्यापर्यंत पोहोचवते. ६ क्रमांकाच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे १०.४ ग्रॅम भरतात. हा हिशेब मनगटात उतरायला मला दोन महिने लागले. शिवाजी पार्कच्या गवतावर, क्रिकेटची मुले येण्याआधी, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून मी रोज अर्धा तास सराव केला. त्या काळात रॉडने कधीही त्रास दिला नाही. मधला भाग मऊ असल्याने शिकणाऱ्याच्या चुका तो सांभाळून घेतो, आणि दुपारच्या समोरच्या वाऱ्यातही चाळीस फुटांपर्यंत लाइन सरळ पडते.

ऑक्टोबरच्या शेवटी भातकापणी सुरू असताना नदीचा गढूळपणा बसतो आणि आपल्याकडच्या पाण्यावरचा सर्वांत चांगला काळ सुरू होतो. मी मुख्यतः पेज नदीवर गेलो, कारण ती उन्हाळ्यातही वाहते. घाटमाथ्यावर ठोकरवाडी धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून खाली येते आणि पेजमार्गे उल्हासला मिळते. हे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. मात्र वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी पाहता पाहता वाढते. म्हणून मी पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या एका दगडाची ओली रेघ ध्यानात ठेवतो आणि ती बुडू लागली की काही विचार न करता बाहेर येतो. नव्याने जाणाऱ्याने आधी हे शिकावे, मासे नंतर.

डिसेंबर-जानेवारीत पाणी काचेसारखे होते. माणसाची सावली पडली तरी मासे पांगतात, त्यामुळे लीडर (लाइन आणि माशी यांना जोडणारा बारीक पारदर्शक धागा) ९ फुटांऐवजी १२ फुटांचा लावावा लागला. चिलापी मात्र लहान, बुडत्या माशीला बऱ्यापैकी दाद देते. हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता जवळजवळ प्रत्येक संथ पाण्यात सापडतो. कल्याणच्या बाजूला, मोहन्याजवळ, जलपर्णीमुळे लाइन टाकण्यासारखी जागाच उरत नाही. तेथे मी एकदाच गेलो आणि तो दिवस वाया गेला.

संचाचा खरा दोष मार्चमध्ये उघड झाला. सोबत आलेली लाइन थंड प्रदेशातल्या ट्राउट माशांसाठी बनवलेली होती. ओढलेली लाइन पायाशी काळ्या पाषाणावर पडते, आणि एप्रिलमध्ये सकाळी दहा वाजताच त्या पाषाणावर हात टेकवत नाही. तिचे आवरण मऊ पडून चिकट झाले, लाइन कड्यांमधून सरकेना आणि जी तरंगायला हवी तिचे टोक बुडू लागले. विक्रेत्याला कळवले असता, साबणाच्या पाण्याने धुऊन पाहा, एवढेच उत्तर मिळाले. धुतल्यानंतर ती तासभर बरी चालली आणि पुन्हा तशीच झाली. भारतीय ग्राहकाला वस्तू विकताना येथील उन्हाचा विचार कोणी केलेला नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. अखेर कठीण गाभ्याची, उष्ण प्रदेशासाठीची लाइन वेगळी घेतली. ती लावल्यावर तोच रॉड दुसराच वाटू लागला. तरीही मी पायाशी ओला पंचा पसरून त्यावरच लाइन पडू देतो.

याच नव्या लाइनवर एप्रिलमधली ती सकाळ मिळाली. नदीचा प्रवाह उतरून एका कोंडापाशी, म्हणजे खोल डोहापाशी, जवळजवळ थांबला होता आणि काठच्या उंबराची पिकलेली फळे मधूनमधून पाण्यात टपकत होती. प्रत्येक फळ पडले की खालून एक सावली वर येई, पाणी किंचित फुगे आणि फळ नाहीसे होई. मी ८ क्रमांकाच्या गरीवर विटकरी लोकरीचा गोळा बांधून उंबराच्या आकाराचा कातरला आणि तो हळुवार नव्हे, तर मुद्दाम टप्प असा आवाज होईल अशा बेताने टाकला. तिसऱ्या वेळी सावली वर आली. लाइन बोटांतून सर्रकन निघाली आणि रॉड मुठीपर्यंत वाकला. मासा जेमतेम दोन विती लांबीचा, मोठ्या खवल्यांचा, ओठांशी मिशा असलेला, महसीरच्या कुळातला होता. गरीचा उलटा काटा मी आधीच चिमट्याने दाबून ठेवतो, त्यामुळे ती ओठातून अलगद निघाली. हात ओले करून त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले. कल्ले चार-पाच वेळा उघडमीट झाले, आणि तो माझ्या तळव्याला शेपटीचा फटका देऊन गेला.

त्यानंतर मी महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडाला जाऊन आलो, अर्थात रॉड घरी ठेवून. तेथील महसीर देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी गळ दाखवत नाही. चुरमुरे पडताच ते कसे वळतात, मोठा मासा लहानांच्या मागे किती वेळ थांबतो, हे तेथे तासभर पाहून जे कळले ते आठ महिन्यांच्या गळटाकीत कळले नव्हते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर मी नदीवर जाणे थांबवले. वलगणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे ओहोळांतून शेतांकडे चढतात. त्या वेळी पाग (फेकून टाकायचे जाळे) टाकणारे गावकरी आपल्या पोटासाठी ते करतात. हौसेसाठी आलेल्या माझ्यासारख्याने त्यांच्या वाटेत उभे राहू नये, असे मला वाटते. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क अनेकदा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा तेथे विचारल्याशिवाय लाइन टाकू नये.

मुंबईच्या दमटपणाने रॉडच्या बुचाच्या मुठीवर जुलैत बुरशी धरली. सौम्य साबणाने घासून पंख्याखाली वाळवल्यावर ती गेली, पण मूठ थोडी काळवंडली. रिळाच्या एका स्क्रूला गंज आला आहे. सांधे अजूनही घट्ट बसतात आणि काठीला कोठे तडा नाही. रॉडसाठी मी हा संच पुन्हा घेईन. लाइन मात्र पहिल्याच दिवशी बदलेन आणि तिच्यासाठी वेगळे पैसे आधीच बाजूला ठेवीन. सध्या संध्याकाळी उंबराच्या माशा बांधत बसलो आहे. नऊ तयार आहेत, आणि यंदा दोन हिरव्या रंगाच्याही करून पाहिल्या आहेत, कारण कोंडात कच्ची फळेही पडत होती.