नवा पंप आणि त्याचे दुकान, की जुना पंप आणि गल्लीतला किराणा?

नागपूरच्या बेसा–बेलतरोडीच्या बाजूला वस्ती जितक्या वेगाने वाढली तितक्या वेगाने सोयी वाढल्या नाहीत. त्यामुळे रस्त्यालगत दुकानासह नवा पेट्रोल पंप सुरू झाल्यावर आमच्या इमारतीत पहिला प्रश्न निघाला तो हा, की पेट्रोल आणि रोजचे सामान आता तिथूनच आणावे, की वर्धा मार्गाकडचा जुना पंप आणि गल्लीतले किराणा दुकान हीच जोडी कायम ठेवावी. गेले दोन महिने मी दोन्हीकडे जाऊन पाहिले आहे.

पेट्रोलच्या दरात निवडण्यासारखे फारसे काही नाही. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी ६ वाजता बदलतात, आणि एकाच शहरातील सरकारी कंपन्यांच्या पंपांमध्ये फरक पडलाच तर तो पैशांत मोजण्याइतका असतो. खरा फरक अंतराचा आहे. जुन्या पंपापर्यंत आमच्या घरापासून जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर चालणारी स्कूटर त्यासाठी सुमारे १३० मिलिलिटर पेट्रोल खाते, म्हणजे केवळ पेट्रोल भरायला जाण्यासाठी दर खेपेला तेरा-चौदा रुपये जातात. कामावर जाण्याचा रस्ताच वर्धा मार्गाचा असेल, तर हा हिशेब अर्थातच लागू होत नाही.

मापाच्या बाबतीत ‘नवा पंप म्हणजे प्रामाणिक पंप’ असे समजणे भोळेपणाचे आहे, आणि जुन्यावर सरसकट संशय घेणेही अन्यायाचे आहे. यंत्रे नवी असोत वा जुनी, वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडून त्यांची पडताळणी आणि मोहोरबंदी झालेली असावी लागते, आणि ग्राहकाने मागणी केल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापात पेट्रोल मोजून दाखवणे पंपचालकावर बंधनकारक आहे. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. मी दोन्हीकडे हे माप मागितले. नव्या पंपावर ते लगेच आणले गेले. जुन्या पंपावर आधी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले गेले, पण माप तिथेही बरोबर भरले. शुद्धतेच्या शंकेसाठी फिल्टर पेपर मोफत मिळतो, आणि हवा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह या सोयीही विनामूल्य असाव्यात असा नियम आहे. हवेच्या बाबतीत नवा पंप स्पष्टपणे सरस ठरतो, कारण जुन्याकडचे यंत्र मी गेलो त्या चारपैकी तीन वेळा बंद होते. उन्हाळ्यात पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, हा आपल्याकडचा लाडका समज मात्र दोन्हीकडे सारखाच फोल आहे. टाक्या जमिनीखाली असल्याने नागपूरच्या मे महिन्यातही त्यांतील तापमान दिवसभरात फारसे हलत नाही.

ज्यांची घरे पंपाला लागूनच आहेत, त्यांची काळजी वेगळी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटरच्या आत नसावा, आणि जागेची अडचण असली तरी ३० मीटरची मर्यादा ओलांडता येत नाही. परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, त्यामुळे शंका असेल तर दिल्लीला पत्र धाडण्याची गरज नाही.

दुकानाची तुलना अधिक रंजक आहे. पंपावरच्या दुकानात दूध, ब्रेड, बिस्किटे, बॅटरी, थंड पेये असे सगळे छापील किमतीत मिळते आणि दिवे रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. गल्लीतल्या दुकानदाराकडे थंड बाटलीमागे ‘थंड करण्याचे’ म्हणून दोन रुपये जास्त घेतले जातात, जे कायद्याला धरून नाही. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागितल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तरीही महिन्याचा किराणा मी गल्लीतूनच आणतो. सुटी तूरडाळ हातात घेऊन पाहता येते, लाखोळीची डाळ, जवस आणि चिन्नोर तांदूळ तिथेच मिळतो, आणि भिवापुरी मिरची पावशेर हवी की अर्धा किलो हे ग्राहक ठरवतो, पाकीट नव्हे. शिवाय महिनाअखेरीस वहीत नोंद करून सामान नेता येते. पंपावरच्या दुकानातील संगणकाला तसली ओळख नसते.

म्हणून ज्यांचा प्रश्न केवळ पेट्रोल, हवा आणि रात्री दहानंतर संपलेले दूध एवढाच आहे, त्यांनी नवा पंप निवडावा. घरात चार-पाच माणसे जेवणारी असतील, तर पंपावरच्या दुकानाला किराण्याचा पर्याय मानू नये. आणि ज्या घरी वाहनच नाही किंवा वृद्ध मंडळी एकटी राहतात, त्यांच्यासाठी पंपाचे दुकान जवळ असूनही दूरच आहे: तिथे पोहोचायला वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो, आणि गल्लीतला दुकानदार मात्र फोन केला की पिशवी तिसऱ्या मजल्यावर पोहोचवतो.