जुन्या पेठेचे नियम बदलताना: मागे सरकायचं की खालून वाट द्यायची?

बेळगावची गणपत गल्ली असो, खडेबाजार असो की निपाणी-खानापूरची जुनी पेठ, पायी चालणाऱ्यासाठी नियम बदलायचे म्हटलं की दोन प्रस्ताव पुढे येतात. पहिला, नवं बांधकाम करणाऱ्याने समोर 3 मीटर सेटबॅक, म्हणजे रस्त्यालगत मोकळी जागा, सोडावा. दुसरा, इमारत आहे त्याच रेषेवर राहू द्यावी, पण तळमजल्यावर दर्शनी बाजूला 2 मीटरचा व्हरांडा सगळ्यांना चालायला मोकळा ठेवावा. कागदावर पहिला सोपा दिसतो. आमचा कौल दुसऱ्याला.

मापं घेऊन बघा. 4 मीटर रुंद, 12 मीटर खोल गाळा म्हणजे 48 चौरस मीटर. सेटबॅकमध्ये प्रत्येक मजल्यावरचे 12 चौरस मीटर जातात, म्हणजे पाव गाळा. व्हरांड्यात फक्त तळमजल्याचे 8 जातात, वरचे मजले शाबूत. ते 8 चौरस मीटर एफएआरमध्ये (प्लॉटच्या मानाने एकूण बांधकामाची मर्यादा) धरायचे नाहीत, एवढं नियमात लिहिलं की मालकाची कुरकुर बरीच कमी होते. सेटबॅक असेल तर मालक पुनर्बांधणीच टाळतो, डागडुजीवर भागवतो. जे बांधतात ते एकेक करून मागे जातात आणि गल्लीची कड करवतीच्या दातांसारखी होते. त्या खाचांत दुचाक्या लागतात, चालणारा रस्त्यावरच.

तुटकपणा व्हरांड्यातही राहतो, हे मान्य. शेजारचा बांधेपर्यंत वाट मध्येच संपते. म्हणून तोवर रस्त्याच्या कडेला फूटपाथ हवाच. 9 मीटरच्या गल्लीत दोन्हीकडे 1.8 मीटर सोडले तर 5.4 उरतात: 3.5 मीटर एकेरी वाहतुकीला, 1.9 माल उतरवायला आणि फेरीवाल्यांना. रस्तेविषयक मानकांत 1.8 ही किमान रुंदी आहे, बाजारात 2.5 सांगितली आहे. ती मिळत नाही म्हणूनच व्हरांडा. शिवाय इथला चार महिन्यांचा पाऊस बघता छपराखालची वाट गिऱ्हाइकालाही बरी.

व्हरांडा फसतो तो बहुधा जोत्यामुळे. प्रत्येकाने आपल्या सोयीने उंची धरली की दर चार मीटरला पायरी, मग म्हातारी माणसं खालूनच जातात. पातळी पालिकेने गल्लीगणिक ठरवून नकाशावर लिहावी, आणि डांबर टाकण्याआधी जुना थर खरवडावा. नाहीतर काही वर्षांत रस्ताच जोत्याला टेकतो आणि पाणी दुकानात. दुसरा धोका मालाचा. शटर आतल्या रेषेवरच, बाहेर कट्टा किंवा जाळी नाही, हे मंजूर नकाशावर आणि पूर्णत्वाचा दाखला देताना तपासावं. 6 मीटरपेक्षा अरुंद बोळांत मात्र दोन्ही प्रस्ताव सोडा, ठरावीक वेळी वाहनं बंद करा.

पार्किंगचा नियम न बदलता यातलं काहीही केलं तर वाया. 4 मीटरच्या दर्शनी भागात 3 मीटरचं वाहनद्वार काढलं तर दुकान कुठे? तळघरात दाखवलेलं पार्किंग गोदाम होतं, हे कुणाला नवं नाही. त्यापेक्षा गल्लीत प्लॉटवर पार्किंगची सक्ती काढावी, बदल्यात शुल्क घ्यावं आणि पेठेच्या कडेला, 300-400 मीटरच्या आत, सामायिक वाहनतळ करावा. शुल्काचं खातं वेगळं हवं. सर्वसाधारण निधीत गेलेला पैसा तळासाठी परत येत नाही.

गल्लीचा झोन, म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर, ‘व्यापारी’ करण्यापेक्षा ‘मिश्र’ ठेवा. खाली दुकान, वर घर असलं की दुकानं मिटल्यावरही गल्ली जागती राहते. फेरीवाल्यांचं 2014 च्या कायद्याप्रमाणे नगर विक्रेता समितीत ठरतं; तिथे किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असतात, त्यांना वगळून आखलेली 1.9 मीटरची पट्टी टिकणार नाही.

मार्ग कोणता? 1961 च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम 14-अ तीन-चार गल्ल्यांच्या वापरबदलाला पुरतं: दैनिकात प्रसिद्धी, हरकतींना किमान 15 दिवस, मग सरकारची मंजुरी. पूर्ण मास्टर प्लॅनच्या (शहराचा विकास आराखडा) दहा वर्षांनी होणाऱ्या फेरविचारात हरकतींना 60 दिवस मिळतात, पण काम लांबतं. आमच्या मते वापरबदल 14-अ ने आता मागावा. सेटबॅक, व्हरांडा आणि पार्किंग हे प्लॅनच्या नियमावलीतले विषय, ते फेरविचारासाठी तयार ठेवावेत. सूचना मराठी दैनिकातच येईल असं कायदा म्हणत नाही. कन्नड दैनिकंही चाळा, 15 दिवस भुर्रकन जातात. हरकतीत सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला मिळकतीचा क्रमांक), गटार ते गटार मोजलेली रुंदी आणि गाळ्याची खोली लिहा. नुसता ‘विरोध आहे’ असा अर्ज बाजूला पडतो.