नऊ महिने, एक गोधडी आणि नऊ हजार सहाशे फुल्या

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माळ्यावरची ट्रंक उघडली ती बुरशी आलीय का बघायला. तळाशी आजेसासूबाईंचं सुती लुगडं निघालं. नऊवारी, काठ धड, मधलं कापड धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. नेसण्याजोगं राहिलं नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. त्याच आठवड्यात मी मोबाइलवर बघत बसून क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्यांच्या भरतकामाचा, एक किट मागवला होता, तोही येऊन पडला. अशी दोन खुळं एकदम घरात शिरली. आता मार्च चालू आहे. गोधडी शिवून, पांघरून, धुऊन झाली. फुल्यांचं चित्र अजून रिंगेतच आहे. मधल्या काळात काय घेतलं, काय उपयोगी पडलं आणि काय पडून आहे ते लिहिते. माझी नोकरी घरूनच, दिवसभर स्क्रीनसमोर, आणि हातकामाला रोज जेमतेम पाऊण तास मिळतो, हे धरून वाचा.

आधी किटबद्दल, कारण पैसे तिथेच जास्त गेले. कंपनीचं नाव घेत नाही. पांढरं आयडा कापड, १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ चौकटी. चित्र इंग्लंडातल्या कुठल्याशा कौलारू घराचं, १०० चौकटी रुंद आणि १४० उंच. मागवताना मी फक्त इंच बघितले: सात बाय दहा, म्हणजे वहीच्या पानाएवढं, होऊन जाईल पंधरा दिवसांत. गुणाकार नंतर सुचला. १४,००० फुल्या! माझा वेग तासाला शंभराच्या आसपास आहे, म्हणजे १४० तास. तुम्ही घेणार असाल तर आधी हा गुणाकार करा आणि मग चित्राच्या प्रेमात पडा. पहिल्यांदा करणाऱ्याने चार-पाच हजार फुल्यांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. नाहीतर कापड घडी होऊन कपाटात जातं आणि अपराधीपणा तेवढा बाहेर राहतो.

किटमध्ये दोन गोष्टी वाईट निघाल्या. दाराचा तपकिरी आणि कौलांचा तपकिरी या दोघांसाठी नकाशावर, म्हणजे कुठल्या चौकटीत कुठला रंग ते दाखवणाऱ्या कागदावर, जवळजवळ सारखंच चिन्ह छापलेलं होतं, त्यामुळे सहाशे-सातशे फुल्या उसवाव्या लागल्या. दुसरं म्हणजे दोरा. सुदैवाने मी आधी उरलेल्या कापडावर छोटी पुस्तकखूण करून बघितली होती. ती साबणाच्या कोमट पाण्यात घातली आणि लाल असा सुटला की पांढऱ्या कापडाची सोलकढी झाली. असं झालं तर कापड वाळू द्यायचं नाही, हे लक्षात ठेवा. थंड पाण्याखाली धरायचं, पाणी बदलत राहायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. माझा बराचसा डाग गेला. किटमधले दोरे मात्र सगळे टाकून दिले आणि रविवार पेठेत बोहरी आळीतून अँकर कंपनीच्या लडी आणल्या. नकाशावर डीएमसी या दुसऱ्या दोरा कंपनीचे नंबर होते आणि अँकरचे वेगळे असतात. काळा डीएमसीत ३१०, तोच अँकरमध्ये ४०३. जुळवणीचा तक्ता मिळतो, तो छापून दोऱ्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. छटा तंतोतंत जुळतातच असं नाही, पण इंग्लंडातल्या कौलांचा नेमका रंग आमच्या घरात कोण तपासणार?

लड सहा पदरी असते. १४ काउंटवर त्यातले दोन पदर वापरायचे. पदर एकेक करून ओढून काढायचे आणि मग जोडायचे. दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की कापडातून ये-जा करून पिसारतो, मऊपणा जातो. दर दहा-बारा फुल्यांनी सुई सोडून लोंबती ठेवली की ती गरगर फिरून पीळ आपोआप सोडते. हे बघायला मला अजून मजा येते. आणि सगळ्या फुल्यांची वरची तिरपी रेघ एकाच दिशेला हवी. एक जरी उलटी गेली तरी उजेडात ती वेगळी चमकते, मग दिवसभर तीच दिसत राहते.

सुईवर माझा सगळ्यात कमी खर्च झाला आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. किटमधली टोकदार होती. आयडाला भोकं तयारच असतात, तिथे बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची टॅपेस्ट्री सुई लागते. १४ काउंटला २४ नंबर. टोकदार सुई शेजारच्या टाक्याचा दोरा फाडत जाते. दुसरी स्वस्त गोष्ट तंगूस, मासे पकडायचा. लाल तंगुसाने कापडावर दहा-दहा चौकटींची जाळी घालून घेतली. तंगुसात सुई घुसत नाही आणि काम झालं की तो सरकन ओढून निघतो. या जाळीशिवाय मी दोनदा मोजणी चुकले होते, जाळीनंतर एकदाच, तेही नवरा मधेच कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या विचारायला आला म्हणून.

लाकडी रिंग ठीक आहे, पण आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळल्याशिवाय कापड ढिलं पडत जातं. आणि रात्री रिंग काढून ठेवायची. ऑगस्टमध्ये आम्ही आठ दिवस गावी गेलो तेव्हा मी ती तशीच ठेवली. परत आले तर कापडावर मळकट गोल वळ, तो अजून पूर्ण गेलेला नाही. जमिनीवर उभा राहणारा स्टँड घेतला होता, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. राहतातही, पण माझ्या खुर्चीशी त्याची उंची जमत नाही. सध्या त्यावर हात पुसायचे नॅपकिन वाळतात. दिवा मात्र चांगला घ्या, पांढऱ्या उजेडाचा आणि मान वळणारा. पिवळ्या दिव्याखाली मी एका संध्याकाळी क्रीमऐवजी फिका पिवळा भरला, ते सकाळी कळलं.

आता गोधडी. तिच्यासाठी विकत घेतलेल्या वस्तू चारच: सुयांचं पाकीट, गोधडीचा जाड दोरा, अंगुस्तान आणि मेण. बाकी सगळं घरातच होतं, शिकवणारीसुद्धा. सासूबाई कराडकडच्या. त्या वाकळ म्हणतात, गोधडी हा शब्द त्यांना शहरी वाटतो.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याची चौघडी केली की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडा कमी रुंद असा चार पदरांचा थर तयार होतो, एका माणसाला पुरेल एवढा. हे गणित सासूबाईंनी मीटर न लावता हातांनी सांगितलं. वर ठिगळांचा थर, खाली अस्तर. अस्तराला मी नवं सुती कापड आणलं होतं. ते त्यांनी आधी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायला लावलं, कारण जुनं लुगडं आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. नवं नंतर आटलं की गोधडी वाटीसारखी वळते. ठिगळांसाठी मी काढलेल्या ढिगातून टेरिकॉटचे दोन शर्ट त्यांनी बाजूला फेकले. सुई जाता जात नाही त्यातून, आणि सुताशेजारी ते घसरत राहतं.

इथे माझी चूक झाली. मी व्हिडिओ बघून मधून सुरुवात केली होती. पाश्चात्त्य क्विल्टवाल्या बायका मधून कडेकडे जातात, म्हणजे ढिलं कापड बाहेर ढकललं जातं. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "मधनं कोण घालतं गं टाका? कडंनं ये." आपल्याकडे कडेने फेरे घेत आत जायचं असतं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीही अशीच कडेने सुरू होते, असं मी नंतर वाचलं. मी उसवलं आणि कडेने निघाले, पण कच्चे टाके घालून थर नीट टाचायचा कंटाळा केला. नऊ आठवड्यांनी मध्ये वीतभर जागा उरली तेव्हा तिथे वरचं कापड फुलक्यासारखं फुगलेलं होतं.

सासूबाई खाली बसल्या. फुगा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, सोडला, परत धरला. "पाणी शिंपडून ताणलंवतंस का आधी?" मी गप्प. मग आतले तीन फेरे उसवले, पाणी शिंपडलं, चार कोपऱ्यांवर वरवंटा आणि डाळींचे तीन डबे ठेवून गोधडी रात्रभर जमिनीवर ताणून ठेवली. सकाळी निम्मा फुगा गेला होता. उरलेल्याची त्यांनी नखाने एक बारीक चूण पाडली आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर लाल ठिगळ लाव. मुद्दाम लावल्यागत दिसंल." आता पाहुणे नेमकं त्याच लाल चौकोनाचं कौतुक करतात आणि सासूबाई खिडकीबाहेर बघतात.

टाक्याच्या लांबीचा त्यांचा नियमही सांगून ठेवते: टाका दिसला पाहिजे, पण पायाच्या नखात अडकला नाही पाहिजे. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर. असे धावदोऱ्याचे सव्वाशे मीटरच्या आसपास टाके झाले, अकरा आठवडे. अंगुस्तानाशिवाय सहा थरांतून सुई ढकलायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात मी गेले होते, मधल्या बोटाला भोकं पडली. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गाठी निम्म्याने कमी होतात. अंगठ्याच्या मुळाशी मात्र अजून दुखतं, त्याला उपाय म्हणजे पाऊण तासाला उठणं.

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा सासूबाईंचा नियम. गावी नदी असते, आमच्याकडे साडेसहा किलोचं मशीन. कोरडी गोधडी त्यात मावली, ओली झाल्यावर मशीन थरथरत हातभर पुढे आलं. शेवटी बाथरूममध्ये पायांनी तुडवून धुतली आणि गच्चीवर दोन दोऱ्यांवर आडवी टाकली. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने टाके ओढले जातात. धुतल्यावर ती खरी गोधडी दिसायला लागली. टाक्यांच्या मधलं कापड बारीक बारीक उठलं आणि आधीचा ताठरपणा गेला.

दोन्हींतला फरक मला वाटला होता त्यापेक्षा वेगळाच निघाला. मला वाटलं होतं, गोधडी कष्टाची आणि क्रॉस स्टिच विश्रांतीचं. झालं उलटं. गोधडीला मोजायचं काही नसतं. तिच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी, आणि प्रत्येक ठिगळाशी कोणाचं तरी लग्न, बारसं, भांडण. माझ्या नवऱ्याचा पहिलीतला गणवेश कोणी फाडला हे मला सोळा वर्षांच्या संसारानंतर त्या कापडामुळे कळलं. फुल्या भरताना हे जमत नाही. तिथे ओठ हलत असतात, सतरा, अठरा, एकोणीस, आणि कोणी बोललं की राग येतो. पण ऑफिसच्या कामात दिवस वाईट गेला असेल तर मी फुल्याच उचलते. मोजताना बॉसची आठवण येऊ शकत नाही, डोक्यात तेवढी जागाच उरत नाही.

सासूबाईंनी परवा पहिल्यांदा माझं चित्र हातात घेतलं आणि आधी उलटं केलं. त्यांच्याकडे एक इरकल आहे, पदरावर कशिदा, म्हणजे कर्नाटकी कसूती भरतकाम, असलेली. कशिद्यात गाठ मारत नाहीत, आणि त्यातल्या गवंती आणि मुरगी या टाक्यांचं काम मागून-पुढून सारखंच दिसतं. त्यामुळे भरतकाम आधी मागून बघायचं, ही त्यांची सवय. त्यात फुलीच्या टाक्याला मेंथी म्हणतात, मेथीच्या दाण्यावरून. माझी मागची बाजू बघून त्या "हूं" म्हणाल्या. मग सुलटं करून बराच वेळ ते कौलारू घर बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं गाव? अंगणात तुळस न्हाई?"

९,६०० फुल्या झाल्या आहेत, ४,४०० राहिल्या आहेत. अंगणाचा भाग अजून कोराच आहे. मुलाच्या भूमितीच्या आलेख कागदावर मी एक वृंदावन काढलंय, १२ चौकटी रुंद, १८ उंच. हिरव्याच्या दोन लडी आणायच्या आहेत.