सीएमईचे नियोजन बाहेर सोपवताना : एका सेवेचा अनुभव

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, हे येथील प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. ते पॉइंट ज्या कार्यक्रमांतून मिळतात त्यांची आखणी कोण करते, याचा विचार मात्र संघटनेचे सचिवपद गळ्यात पडेपर्यंत कोणी करत नाही. मीही केला नव्हता. यंदा आमच्या तालुका संघटनेने अन्य दोन संस्थांबरोबर एक दिवसाची सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम) घेतली आणि तिच्या नियोजनासाठी वैद्यकीय परिषदा व सीएमई भरवून देणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेची सेवा घेतली. या सेवेचे हे परीक्षण आहे. काही तक्रारी असल्याने संस्थेचे नाव देत नाही. पण अशा संस्था आता बऱ्याच झाल्या आहेत आणि त्यांच्या काम करण्याच्या पद्धती एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे छोट्या गावांतील संघटनांना हा अनुभव उपयोगी पडावा.

आमची मांडणी अशी होती. तालुका संघटनेला महाराष्ट्र वैद्यक परिषदेची मान्यता नाही. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या, मान्यता असलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेला सोबत घेतले. परिषदेकडील अर्ज, क्रेडिट पॉइंटची मागणी आणि कार्यक्रमानंतरचा अहवाल ही जबाबदारी त्यांची. वक्ते एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागाने द्यायचे. आम्ही श्रोते आणि जागा पाहायची. या तिघांच्या मध्ये ही व्यावसायिक संस्था : नोंदणी, सभागृह, जेवण, छपाई, औषध कंपन्यांचे स्टॉल आणि कागदपत्रे यांसाठी सेवाशुल्क ६५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७६,७०० रुपये. सभागृहाचे भाडे आणि जेवणाचा खर्च वेगळा.

पहिला मतभेद विषयावरून झाला. आम्हाला सर्पदंश हवा होता. आमच्या भागात पावसाळा लागला की शेतातून थेट दवाखान्यात येणारे रुग्ण वाढतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांना पहिल्या तासाचे निर्णय एकट्याने घ्यावे लागतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा विषय काळाला धरूनही होता. पहिल्याच बैठकीत नियोजन संस्थेचे व्यवस्थापक म्हणाले, ‘‘सर, सर्पदंशाला स्टॉल कोण लावणार? मधुमेह घ्या, रक्तदाब घ्या, मी आठ स्टॉल आणून देतो. आणि मे महिना कशाला? डिसेंबरमध्ये करू.’’

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हिशेब होता. सर्पविषावरील प्रतिविष ही काही डॉक्टरांच्या दारी प्रतिनिधी पाठवून खपवायची वस्तू नाही. तिच्यामागे जाहिरातीचा पैसा नाही. त्यामुळे ज्या आजाराच्या गोळ्या रुग्ण जन्मभर घेतो त्या आजारावर वर्षाला डझनभर सीएमई होतात, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यावर एखादी झाली तर झाली. विषयाची निवड एकदा प्रायोजकाच्या हाती गेली की पुढे वक्त्यांची निवडही हळूहळू तिकडे सरकते. आम्ही तालुक्यातील डॉक्टरांना तीन प्रश्नांची छोटी प्रश्नावली पाठवली, तिची उत्तरे तिन्ही संस्थांच्या बैठकीत वाचून दाखवली आणि विषय व महिना दोन्ही कायम केले. सर्पदंशाच्या रुग्णाची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वतः कधी केली आहे का, हा त्यांतला दुसरा प्रश्न होता, आणि त्याची उत्तरे वाचताना बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. महाविद्यालयाच्या विभागाने विंचूदंशाचे एक सत्र जोडण्याची सूचना केली, तीही योग्यच होती. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन या औषधाचा वापर ज्यांनी रूढ केला ते डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचे, म्हणजे हे ज्ञान आपल्याच मातीत तयार झालेले आहे आणि तरीही ते सर्वत्र पोहोचले आहे असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण कराराच्या मसुद्यात होती. नवव्या कलमात, बारीक टाइपात, ‘मुख्य प्रायोजकास एका सत्रासाठी वक्त्याचे नाव सुचविण्याचा अधिकार राहील’ असे वाक्य होते. विचारल्यावर ‘आमचा नेहमीचा नमुना आहे, कोणी हरकत घेत नाही’ असे उत्तर मिळाले. आम्ही घेतली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत किमान ३० तासांच्या शिक्षणाची अपेक्षा सांगितली आहे, आणि त्याच संहितेत २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर बंधने आली. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी विपणनाची एकरूप संहिता काढली. तिच्यानुसार अशा कार्यक्रमांवरील खर्चाचा तपशील कंपनीने आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो, त्याची तपासणी होऊ शकते, परदेशात असे कार्यक्रम घेता येत नाहीत, आणि वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवासखर्च कंपनीला करता येत नाही. एवढे सगळे असताना कराराचा नमुना मात्र जुन्या काळातलाच राहिला होता. कलम खोडले गेले, मात्र त्यासाठी तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. जी संस्था दिवसरात्र हाच व्यवसाय करते तिला हे नियम ग्राहकाने समजावून सांगावे लागू नयेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आता जमेची बाजू, आणि ती खरोखरच मोठी आहे. नोंदणीच्या कामात या मंडळींचा हात धरणारा कोणी नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तीन भागांत असतो. आपल्याकडील निम्मे डॉक्टर फॉर्मवर फक्त शेवटचे चार आकडे लिहून मोकळे होतात आणि मग पॉइंट खात्यावर आले नाहीत म्हणून सचिवाला फोन करतात. या संस्थेच्या नोंदणी विभागातील दोन मुलींनी ११२ नावे एकेक करून तपासली, अपुरे क्रमांक असलेल्यांना स्वतः फोन केले, आणि एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या नोंदणीची मुदत महिनाभरात संपते आहे हेही त्यांच्या लक्षात आणून दिले. सकाळी साडेआठला पहिले डॉक्टर आले तेव्हा टेबलावर नावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या पिशव्या होत्या आणि कोणालाही दोन मिनिटांहून अधिक थांबावे लागले नाही. आमच्या संघटनेने स्वतः घेतलेल्या मागच्या कार्यक्रमात याच कामासाठी माझी पत्नी, कंपाउंडर आणि शेजारचा अकरावीतला मुलगा बसले होते, आणि यादी अजूनही जुळलेली नाही.

वेळापत्रकाचा मिनिटामिनिटाचा तक्ताही त्यांनी उत्तम केला होता, फक्त उद्घाटनाला ५० मिनिटे दिली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, चार मनोगते. ज्या दिवसाचे क्रेडिट पॉइंट तासांवर मोजले जातात त्या दिवशी सत्काराचा तास शिक्षणात कसा धरायचा, असा सरळ प्रश्न मान्यताप्राप्त संघटनेच्या अध्यक्षांनी विचारला आणि उद्घाटन दहा मिनिटांवर आले. काही जण रागावले. ते अजून बोलत नाहीत.

सर्वांत गंभीर चूक प्रात्यक्षिकाच्या साहित्यात झाली. वीस मिनिटांची चाचणी दिसायला अगदी साधी आहे : सुमारे दोन मिलिलिटर शिरेतील रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, न हलवता वीस मिनिटे ठेवायचे आणि नळी एकदा तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय बळावतो. यात सगळी मदार काचेवर असते, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठेलच असे नाही, आणि डिटर्जंटने धुतलेली काचही दगा देते. आम्ही साहित्याच्या यादीत ‘काचेच्या नव्या कोऱ्या परीक्षानळ्या, ६०’ असे लिहून दिले होते. शनिवारी रात्री आठ वाजता खोके उघडले तेव्हा आत प्लास्टिकच्या नळ्या निघाल्या. ‘पुरवठादार म्हणाला, त्याच चांगल्या, फुटत नाहीत,’ हा खुलासा. गावातील एका पॅथॉलॉजिस्ट मित्राने दुकानाचे कुलूप काढायला लावून २४ नळ्या मिळवून दिल्या. मग पाच-पाच जणांचे गट करून एका गटाला एक नळी दिली, आणि प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडमनी प्लास्टिकच्या चार नळ्या मुद्दाम शेजारी ठेवल्या. वीस मिनिटांनी काचेतले रक्त घट्ट बसले होते आणि प्लास्टिकमधले दोन नळ्यांत वाहत होते. मागच्या रांगेतील एक वैद्यकीय अधिकारी उठून पुढे आले, त्यांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन उजेडाकडे धरल्या आणि आपल्या केंद्रात कोणत्या नळ्या येतात ते विचारायला तिथूनच फोन लावला.

हे निभावले म्हणून चूक लहान ठरत नाही. मंडप, जेवण आणि बॅनर यांच्या यादीत शिकवण्याचे साहित्य घालणे हीच मुळात आमचीही चूक होती. खरेदी करणाऱ्याला नळी ही नळीच दिसणार.

स्टॉल अखेर सहा आले, त्यांतील एकही सर्पदंशाशी संबंधित नव्हता. ते कोठे लावायचे यावरही वाद झाला. अमेरिकेत अशा कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या एसीसीएमई या संस्थेच्या २०२२ पासून लागू असलेल्या मानकांत, ज्या जागेत शिक्षण चालते त्याच जागेत विक्रीचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर मध्ये ३० मिनिटांचे अंतर सांगितले आहे. आणि मान्यता नसलेल्या संस्थेबरोबर संयुक्त कार्यक्रम केला तरी नियमपालनाची जबाबदारी मान्यताप्राप्त संस्थेवरच राहते. तो नियम आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यामागची दृष्टी उसनी घ्यायला हरकत नाही. नियोजन संस्थेने स्टॉल सभागृहातच, दोन्ही भिंतींना लागून मांडले होते. सकाळी सातला ते उचलून जेवणाच्या मंडपाकडे न्यावे लागले. प्रतिनिधी नाराज झाले, पण वाद न घालता त्यांनीच टेबले उचलली.

दुपारी आणखी एक प्रसंग घडला. जेवण संपते न संपते तोच नोंदणीच्या टेबलावरून प्रमाणपत्रे वाटायला सुरुवात झाली, कारण बाहेरगावच्यांना लवकर निघायचे होते. परिषदेकडून आलेले निरीक्षक शांतपणे टेबलापाशी गेले, गठ्ठा उचलून त्यांनी आपल्या खुर्चीखाली ठेवला आणि सांगितले, ‘‘शेवटच्या सत्रानंतर.’’ सभागृहातील रिकाम्या खुर्च्या दहा मिनिटांत भरल्या. नियोजन संस्थेच्या माणसाला यात आपले काही चुकले असे वाटले नाही. ‘सगळीकडे असेच करतो’ असे तो म्हणाला, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

हिशेबाची तक्रार थोडक्यात सांगतो. स्टॉलचे ६०,००० रुपये त्यांनी आपल्या खात्यात घेतले आणि आम्हाला सहा आठवड्यांनी दिले. दरम्यान सभागृहाचे भाडे मी खिशातून भरले. बिले तीन वेगवेगळ्या नावांवर आली. कोणत्या खात्यात पैसा येणार आणि बिल कोणाच्या नावे निघणार हे तिन्ही संस्थांनी पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवायला हवे होते.

एवढे होऊनही ही सेवा पुन्हा घ्यावी का, असे विचाराल तर माझे उत्तर होय असे आहे, पण अर्धीच. नोंदणी, जागा, जेवण आणि कागदपत्रे त्यांनी पाहावीत. विषय, वक्ते, शिकवण्याचे साहित्य, प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि बँक खाते यांना त्यांचा हात लागू नये. तसे त्यांना लेखी कळवले. आठ दिवसांत उत्तर आले : केवळ नोंदणी आणि व्यवस्थेचा दर ४५,००० रुपये अधिक जीएसटी, आणि नोंदणीच्या टेबलावर त्याच दोघी. दर आम्ही मान्य केला आहे. काचेच्या ६० नळ्या मी गेल्या आठवड्यातच विकत घेतल्या. त्या माझ्या कन्सल्टिंग रूममधील कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत.