पाणी तपासण्याची हायड्रोजन सल्फाइड बाटली : नाग नदीकाठच्या वस्तीतील वर्षभराचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एकाच गल्लीत लेकरांना लागोपाठ हगवण लागली, तेव्हा नळाचे पाणी दिसायला अगदी नितळ होते. पाण्यात दोष आहे असे म्हटले की शेजारणी पेला उजेडात धरून दाखवत, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नसे. म्हणून अभ्यासिकेच्या वर्गणीतून आम्ही पाण्यात मैला मिसळल्याचा अंदाज देणाऱ्या या बाटल्यांचा एक खोका मागवला. एक बाटली ४० रुपयांना पडली.

वापर सोपा आहे. निर्जंतुक बाटलीच्या तळाशी पोषक द्रव्याची कोरडी भुकटी असते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावून बाटली हलवायची आणि ठेवून द्यायची. आतड्यात राहणारे काही जीवाणू त्या द्रव्यावर वाढताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा द्रव्यातील लोहाशी संयोग होऊन काळे लोह सल्फाइड बनते आणि पिवळसर पाणी शाईसारखे काळे पडते. मांजा या भारतीय शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९८२ साली ही पद्धत मांडली, ती प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठीच.

आम्ही एकाच घरातून तीन बाटल्या भरल्या : नळ आल्याबरोबरच्या पहिल्या धारेची, पंधरा मिनिटांनंतरची आणि घरातील गुंडातली, म्हणजे पाणी साठवण्याच्या भांड्यातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिली आणि तिसरी काळी पडली; मधली दोन दिवस पिवळीच राहिली. या तीन बाटल्यांनी जे सांगितले ते आमच्या दहा बैठकांतून सांगून झाले नव्हते. त्या घराची नळजोडणी नालीतूनच गेलेली आहे, आणि एका सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. नळ चालू असताना आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, पण पुरवठा थांबला की नळी रिकामी होते आणि नालीतील मैला त्याच फटीतून आत ओढला जातो. शेजारी कोणी टुल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी खेचणारा छोटा पंप, लावला तर हे ओढणे आणखी वाढते. पहिल्या धारेत तेच येते. गुंडाचे कारण निराळे होते : पेला हाताने बुडवून पाणी काढले जात होते. लांब दांड्याचे ओगराळे आणल्यावर त्याच गुंडातील पाणी पुढच्या वेळी पिवळे राहिले.

मात्र या बाटलीला जेवढे कळते तेवढेच तिला विचारावे. पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जीवाणू साधारणपणे हा वायू तयार करत नाही. बाटली त्याच्यासोबत विष्ठेतून येणाऱ्या इतर जीवाणूंवरून अंदाज देते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, आणि ती खात्री प्रयोगशाळेतच होते. काविळीचे विषाणू तर हिला दिसतच नाहीत, त्यामुळे पिवळी बाटली म्हणजे पाणी शुद्ध असल्याचा दाखला नव्हे. उलट बोअरवेलच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर मैला नसतानाही बाटली काळी होऊ शकते. नळाच्या पाण्यासोबत क्लोरीनची चाचणीही करावी, असे माझे मत आहे : मानकाप्रमाणे मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे, आणि ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचते की नाही हे आमच्यासारख्या टोकाच्या वस्तीला कळणे फार गरजेचे आहे.

नागपूरच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. जीवाणू ३० ते ३७ अंशांत चांगले वाढतात. डिसेंबरात आम्ही बाटल्या गोधडीत गुंडाळून पूर्ण ४८ तास ठेवल्या, तर मे महिन्यात टिनाच्या छताखालून हलवून रांजणाजवळच्या सावलीत ठेवल्या.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. ते इंग्रजी आणि हिंदीत आहे, अक्षर बारीक आहे, आणि वापरलेल्या बाटलीचे काय करावे याबद्दल त्यात एक ओळही नाही. काळ्या बाटलीत जीवाणूंची संख्या मूळ पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेली असते. ती लेकरांच्या हाती लागणे धोक्याचे आहे. आम्ही तीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे दाट पाणी ओतून रात्रभर ठेवतो आणि मगच फेकतो. असे निष्काळजी पत्रक मला अक्षम्य वाटते, कारण ही वस्तू बहुतेक वेळा लहान घरातच, चुलीशेजारी ठेवली जाणार आहे.

तरीही मी ही बाटली घ्या असेच सांगेन. काळ्या बाटल्या घेऊन गल्लीतल्या पाच बायका संबंधित कार्यालयात गेल्या. तिसऱ्या खेपेला नळी नालीच्या वरून घेतली गेली आणि सांधा बदलला. त्यानंतर त्या घरातील पहिल्या धारेची बाटली पिवळी राहिली. गल्लीच्या टोकाच्या दोन घरांची नळी अजून नालीतच आहे, तिथली बाटली परवा पुन्हा काळी झाली आणि ती दोन घरे सध्या पाणी खळखळून उकळून पीत आहेत. पावसाळ्याआधी दुसरा खोका मागवला आहे.