पोर्टफोलिओसाठी वेबसाइट प्लॅटफॉर्म: काही महिने वापरल्यानंतर

पोर्टफोलिओसाठी, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या साइटसाठी, प्लॅटफॉर्म निवडताना सगळे आधी टेम्पलेट (तयार मांडणी) बघतात. वापर सुरू झाला की टेम्पलेटचं कौतुक लवकर ओसरतं आणि दोनच प्रश्न उरतात: चढवलेल्या चित्राचं प्लॅटफॉर्म काय करतो, आणि उद्या तिथून निघायचं ठरलं तर हाती काय लागतं. अडोबी पोर्टफोलिओ, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो आणि स्वतःच्या होस्टिंगवरचं (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवरचं) वर्डप्रेस यांच्याबद्दलचं हे मत आहे.

आधी चित्रांचं. स्क्वेअरस्पेस प्रत्येक चित्राच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती बनवतं. त्यातली सर्वांत मोठी २५०० पिक्सेलची, त्यामुळे त्याहून रुंद फाइल चढवून पदरात काही पडत नाही. वर्डप्रेसमध्ये ५.३ आवृत्तीपासून उंची किंवा रुंदी २५६० पिक्सेलच्या वर गेली की जेपीईजी प्रकारचं चित्र आपोआप लहान होतं. यातला ‘उंची’ हा शब्द महत्त्वाचा. केस स्टडीची (एका कामाची सविस्तर हकीकत सांगणारी) १४०० बाय ८००० ची लांबलचक पट्टी चढवलीत तर ती ४४८ बाय २५६० होऊन बसते आणि सगळा मजकूर चिखल होतो. दोष थीमचा (साइटच्या मांडणीचा) वाटतो, पण थीमचा काही संबंध नसतो. पट्टीचे २५०० पिक्सेलपेक्षा कमी उंचीचे तुकडे करा, नाहीतर पीएनजी चढवा. मोठ्या पीएनजीला हा नियम लागत नाही, फक्त फाइल किती जड झाली ते आपणच बघायचं.

तसंही ही लांब पट्टी मोबाइलवर मार खातेच. १४०० पिक्सेल रुंद चित्रातलं २४ पिक्सेलचं अक्षर ३९० रुंदीच्या स्क्रीनवर जेमतेम ७ पिक्सेलचं उरतं. वाचायचा मजकूर चित्रात ठेवूच नका, पानावर टाइप करा.

पैसे भरण्याआधी एक चाचणी फाइल बनवा: २५०० पिक्सेल रुंद, निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक अक्षरं, एक पिक्सेलच्या काही रेषा आणि गडद रंगाचा एक ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग). ती जेपीईजी आणि पीएनजी अशी दोन्ही प्रकारांत चढवा. मग ब्राउझरमधून चित्र परत सेव्ह करून मूळ फाइलशेजारी १०० टक्क्यांवर लावा. लाल अक्षरांच्या कडा पसरल्या असतील तर जेपीईजीने रंगाचा तपशील कमी करून साठवलाय. ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसले तर कॉम्प्रेशन जास्त झालंय. लोगो आणि सपाट रंगाची कामं पीएनजीत द्या. एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारा चित्राचा प्रकार) सगळ्यात उत्तम, पण वर्डप्रेस ती मुळात स्वीकारतच नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं.

एक्सपोर्ट करताना एसआरजीबी (स्क्रीनसाठीची प्रमाण रंगपद्धत) हवंच. छपाईसाठीची सीएमवायके फाइल तशीच चढवली की रंग भलतेच येतात. अडोबी आरजीबीतली (जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली) फाइलही धोक्याची, कारण प्रती बनवताना सर्व्हरने प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची फाइलमधली नोंद) काढून टाकलं की रंग फिके पडतात.

आता बाहेर पडण्याचं. अडोबी पोर्टफोलिओ क्रिएटिव्ह क्लाउडच्या सबस्क्रिप्शनसोबत मिळतं, पाच साइट करता येतात, आणि बिहान्सवरचे (अडोबीच्याच, काम दाखवायच्या साइटवरचे) प्रोजेक्ट थेट आत येतात. सबस्क्रिप्शन आधीच असेल तर सुरुवातीला हेच पुरेसं आहे. पण सबस्क्रिप्शन थांबलं की साइटही बंद. स्क्वेअरस्पेसची निर्यात (साइटचा मजकूर बाहेर काढायची सोय) अर्धवट असते, आणि नेमकी पोर्टफोलिओची पानं त्यात येत नाहीत. वेबफ्लोच्या पैसे भरायच्या प्लॅनमध्ये कोड मिळतो, पण त्यात सीएमएसमधला (मजकूर साठवायच्या भागातला) मजकूर नसतो. तो सीएसव्हीने (तक्त्याच्या साध्या फाइलने) वेगळा काढावा लागतो. सगळंच्या सगळं हाती लागतं ते फक्त वर्डप्रेसमध्ये, आणि त्याची किंमत म्हणजे अपडेट, बॅकअप, सुरक्षा हे सगळं तुमच्याच गळ्यात. प्लॅटफॉर्म कोणताही घ्या, मूळ फाइली आणि प्रोजेक्टचा मजकूर एका फोल्डरमध्ये स्वतःकडे असलाच पाहिजे.

मराठी मजकूर टाकणार असाल तर टेम्पलेटचे फॉन्ट तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. मग ब्राउझर हाताशी असेल तो फॉन्ट लावतो. शीर्षकांना लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १ किंवा १.१ असली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत घुसतात, १.४ पासून सुरुवात करा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकांसाठी बनवलेल्या देखण्या टेम्पलेटांत हे हमखास घडतं.

डोमेन (साइटचा पत्ता) प्लॅटफॉर्मकडून घेऊ नका, वेगळं घ्या. जागा बदलायची वेळ आली की फक्त रेकॉर्ड (पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा याच्या नोंदी) बदलायचे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या पत्त्यासाठी सीनेम रेकॉर्ड, ते न लावलेल्या मूळ डोमेनसाठी ए रेकॉर्ड. दुसरा विसरला की साइट काहींना दिसते, काहींना नाही. बदल पोहोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात घाबरून परत रेकॉर्ड ढवळू नका. त्याच डोमेनवर ईमेल असेल तर नेमसर्व्हर (हे रेकॉर्ड ठेवणारा सर्व्हर) बदलण्याआधी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायचं याची नोंद) टिपून ठेवा आणि नव्या जागी आधी भरा. नाहीतर साइट झकास चालते आणि मेल येणं बंद होतं.

गोपनीय कामावर पासवर्ड लावलात तर तेवढ्यावर विसंबू नका. वर्डप्रेसमध्ये पानाला कुलूप लागतं, पण आतल्या चित्राचा थेट पत्ता उघडाच राहतो. इतर प्लॅटफॉर्मवर काय होतं ते बघायला चित्राचा पत्ता कॉपी करून खासगी विंडोत उघडा. चित्र दिसलं तर ते काम साइटवर न ठेवता पीडीएफने पाठवा.