वाशीतल्या सोसायटीचं सॉइल टेस्टिंग, भूकंपाच्या हिशोबाने: आमचा अनुभव

रेटिंग 5 पैकी 4. एजन्सीचं नाव टाकत नाही, कारण खाली आधीच्या एजन्सीबद्दल पण लिहिलंय आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये.

आमची बिल्डिंग खाडीच्या बाजूला, तळमजला अधिक चार, रीडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डरने एक सॉइल रिपोर्ट आधीच आणून दिला होता, अकरा पानं, दोन बोअर (मातीची तपासणी करायला पाडलेली खोल भोकं), जमीन किती लोड घेईल तो आकडा आणि पाइल (खोल जाणारे पायाचे खांब) टाका एवढंच. भूकंपाबद्दल एकच ओळ, झोन 3, मध्यम माती. आणि त्याच रिपोर्टच्या मागच्या पानावर चिखलाच्या थराला एन व्हॅल्यू (माती किती घट्ट आहे त्याचा आकडा, कसा काढतात ते खाली लिहिलंय) 3! आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे एन 10 च्या खाली असेल तर ती मऊ माती धरतात, मग मध्यम कुठून आली, विचारलं तर कोणी नीट उत्तर देईना. मी औसा तालुक्यातला, 30 सप्टेंबर 1993 ला नववीत होतो, विसर्जनाच्या रात्रीनंतरची किल्लारी भूकंपाची ती पहाट आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे मी मीटिंगमध्ये अडून बसलो की सोसायटीच्या खर्चाने दुसरी टेस्ट करायचीच. दीड लाख गेले. एक रुपया वाया गेला असं मला वाटत नाही.

या नव्या एजन्सीच्या लोकांनी तीन बोअर घेतले आणि दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे ठोके मोजायची टेस्ट. त्यात 63.5 किलोचा हॅमर 75 सेंटिमीटरवरून सोडतात, नळी 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोकतात, आणि शेवटच्या 30 सेंटिमीटरला जितके ठोके लागले तो एन. मी स्वतः उभा राहून मोजत होतो. साडेचार मीटरला पोरांनी नळी सोडली, वर हॅमर नुसता टेकवला, आणि एकही ठोका न मारता नळी वीतभर खाली गेली! बाहेर काढून उघडली तर काळपट राखाडी चिखल, कुजका वास, मधे शिंपल्यांचे तुकडे, अंगठा दाबला तर ठसा तसाच राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या होत्या, म्हणाल्या अरे हा तर खाडीतलाच चिखल, आपण यावर राहतोय? बारा मीटरपर्यंत बहुतेक तोच, मग मुरूम, मग काळा पाषाण.

मला सगळ्यात आवडली ती लाटांची टेस्ट, मासव म्हणतात तिला. जमिनीत एका ओळीत 24 जिओफोन (हादरे टिपणारे सेन्सर) खोचले आणि टोकाला लोखंडी प्लेटवर घण मारत गेले, लाट कुठे कधी पोचते ते लॅपटॉपवर दिसतं. दिवसा ट्रकच्या हादऱ्यांनी रीडिंग येईना म्हणून रात्री साडेअकराला परत आले, पाण्याचा पंप बंद करायला लावला, जास्तीचे पैसे नाही मागितले. चिखलात वेग आला सेकंदाला 110 मीटर. इंजिनिअर मॅडमनी तिथेच कागदावर करून दाखवलं, थराची जाडी गुणिले 4 भागिले वेग, म्हणजे साधारण 0.44 सेकंद, हा या जमिनीचा स्वतःचा झोका, म्हणजे एकदा हलून परत यायला लागणारा वेळ. आणि आमच्यासारख्या चार-पाच मजली बिल्डिंगचा झोका पण तेवढाच असतो. दोन्ही एका तालात आले की हादरा वाढत जातो. मेक्सिको सिटीत 1985 ला हेच झालं, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर, तो गाळ दोन सेकंदाच्या झोक्याने हलला आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या बिल्डिंगा जास्त पडल्या. आपल्याकडे 2001 ला भुजपासून दोनशेच्या वर किलोमीटर लांब अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यातही नदीच्या गाळाच्या जमिनीचा वाटा होता (बांधकामाच्या चुका होत्याच). नवीन टॉवरचा झोका वेगळा येणार, म्हणून डिझाइनरला आता खरे आकडे दिलेत.

लिक्विफॅक्शन पण तपासलं. हे भुसभुशीत, पाण्याने भरलेल्या वाळूत होतं, हादऱ्याने पाण्याचा दाब वाढतो आणि वाळूची पकडच सुटते, 1964 ला जपानमधल्या निगाता शहरात अख्ख्या इमारती न मोडता आडव्या झाल्या त्या यानेच. चिकणमातीत तसं सहसा होत नाही. पण आमच्याकडे आठ मीटरला एक वाळूचा पातळ थर निघाला जो पहिल्या रिपोर्टमध्ये नव्हताच, आणि पाइलच्या डिझाइनमध्ये तेवढ्या भागाचा आधार धरू नका असं यांनी स्पष्ट लिहून दिलंय.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट तीन आठवडे उशिरा आला, आणि एक बोअर दोन दिवस उघडाच ठेवला होता, आमच्या कंपाउंडमध्ये लहान मुलं खेळतात, मी स्वतः पत्रा टाकून वर विटा ठेवल्या. फोन केल्यावर माफी मागून बुजवला, पण फोन करायची वेळ यायला नको होती.

कोणाला एजन्सी ठरवायची असेल तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: दर दीड मीटरला एसपीटी, लाटांची टेस्ट, आणि लिक्विफॅक्शनचं गणित आकड्यांसकट. आमचे कोअर बॉक्स (बोअरमधून काढलेल्या नमुन्यांचे खोके) मीटर रूममध्ये ठेवलेत, बघायचे असतील तर रविवारी सकाळी या.